कोणाची गं तू? : रोबसन काउंटीतील पाच दिवस

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

पुण्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही जनगणनेचे तक्ते वाचण्याची सवय सुटलेली नाही. माझी लेक अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील केरी या शहरात राहते. मागच्या खेपेस तिच्याकडे आले असताना या राज्यातील शंभर काउंट्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, आकडे चाळत होते आणि एका ओळीपाशी थांबले. रोबसन काउंटी, २०१० ची लोकसंख्या १,३४,१६८, त्यांपैकी ३८.४ टक्के मूळनिवासी इंडियन, २९ टक्के गोरे, २४.३ टक्के कृष्णवर्णीय. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या मुळाचे, असण्यानसण्याचा प्रश्न तेथे वंशाच्या प्रश्नापासून वेगळा विचारला जातो; त्याला ८.१ टक्के लोकांनी होकारार्थी उत्तर दिले होते. शेतीवर जगणाऱ्या, मोठे शहर नसलेल्या काउंटीत कोणताच समाज निम्म्यावर नाही, हे मला विलक्षण वाटले. त्याहून विलक्षण म्हणजे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत मोठी मूळनिवासी जमात समजले जाणारे लम्बी लोक येथे राहतात आणि तरीही येथे रिझर्व्हेशन नाही. सरकारने आखून दिलेल्या प्रदेशात नव्हे, तर स्वतःच्या नावावरच्या शेतात आणि गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांच्या मध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ही काउंटी पायाखाली घालायचीच असे मी तेव्हा ठरवले होते. यंदा लेकीने आठवड्याची रजा काढली आणि आज सकाळी आम्ही निघालो.

केरीहून आधी पूर्वेकडे आणि मग पंच्याण्णव क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे जावे लागते. फेएटव्हिल मागे पडल्यावर जमीन पाटासारखी सपाट होते. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस होता, मधूनमधून सोयाबीन आणि भुईमूग, आणि शेतांच्या कडांना पाइनची काळपट रांग. पावणेदोन तासांत आम्ही लम्बरटन या काउंटीच्या मुख्य गावी पोहोचलो. गावाला वळसा घालून जाणारी लम्बर नदी गाळाची नव्हे, पानांच्या अर्काची काळी आहे. कोऱ्या चहाच्या रंगाचे तिचे पाणी ओंजळीत घेतले तर स्वच्छ दिसते. लम्बी हे नाव या नदीवरूनच घेतलेले आहे.

दुपारी आम्ही गावातले जुने कॅरोलायना थिएटर पाहिले. १९२८ साली उघडलेली ही इमारत आता सुरेख दुरुस्त केली असून तेथे नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात. दाखवणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला वर सज्जात नेले आणि एका ठिकाणी उभे करून सांगितले, “येथून भिंत होती.” अमेरिकेच्या दक्षिण भागात एकेकाळी गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सगळे वेगळे असे, हे आपण ऐकलेले असते. रोबसनमध्ये मात्र दोनावर भागत नव्हते. खाली गोरे बसत आणि वरचा सज्जा कृष्णवर्णीय आणि इंडियन यांच्यात विभागलेला असे. शाळासुद्धा तीन प्रकारच्या होत्या. त्या सज्जात उभी असताना मला जनगणनेचा तक्ता आठवत राहिला. तक्त्यात तीन स्तंभ असतात आणि त्यांच्यामध्ये दोन बारीक रेघा असतात. त्या रेघांना येथे विटा आणि चुना लागलेला होता, आणि तिकीट काढून सिनेमाला आलेल्या पोराला त्या रेघेच्या कोणत्या बाजूला बसायचे हे अंगवळणी पडलेले होते.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आजचा दिवस पेम्ब्रोकचा. लम्बरटनपासून वीसेक मिनिटांवरचे, रेल्वेच्या दोन मार्गांच्या छेदावर वसलेले हे लहान गाव लम्बी लोकांचे केंद्र आहे. टपालपेट्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, दवाखान्यांच्या फलकांवर आणि निवडणुकीच्या पत्रकांवर तीच ती आडनावे दिसतात: लॉकलियर, ऑक्सेंडाइन, लाउरी, चेव्हिस, हंट, जेकब्स, डायल. यांतील बहुतेक नावे ऐकायला इंग्रजी आहेत आणि लोक बोलतातही इंग्रजीच, पण त्या इंग्रजीला स्वतःचे वळण आणि स्वतःचे शब्द आहेत. कॉफीला जुनी माणसे ‘एलिक’ म्हणतात आणि गलोलीला ‘जुवेम्बर’. मूळ भाषा जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. पिसे, तंबू, घोडे अशी खूण शोधत येणाऱ्या परक्या माणसाला येथे ‘इंडियन’ काहीच दिसत नाही, आणि या लोकांच्या दीडशे वर्षांच्या दुःखाचे कारण बरेचसे तेच आहे.

विद्यापीठाच्या आवारातील ‘ओल्ड मेन’ ही पांढऱ्या खांबांची इमारत १९२३ ची. १९७० नंतर ती पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा लम्बी लोकांनी मोठी चळवळ उभारली. १९७३ साली ती जळाली आणि लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा बांधली गेली. आता तेथे आग्नेय अमेरिकेतील इंडियन लोकांचे संग्रहालय आहे. हे विद्यापीठ १८८७ साली इंडियन शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून सुरू झाले, आणि त्यासाठी राज्याने दिलेली रक्कम होती पाचशे डॉलर. जमीन आणि लाकूड मिळवून इमारत लोकांनीच उभी केली. १९४० ते १९५३ या काळात इंडियन विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या खर्चाने चालणारे चार वर्षांच्या पदवीचे हे देशातील एकमेव महाविद्यालय होते.

संग्रहालयातील एका तरुण कर्मचाऱ्याने आमच्यासाठी तासभर वेळ काढला. हा मुलगा स्वतः लम्बी. त्याने सांगितलेली नावांची हकिकत मी जशीच्या तशी टिपून घेतली, कारण लोकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात ती सापडत नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत स्वतंत्र गोरे, गुलाम आणि ‘इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती’ असे प्रकार होते. त्याच्या पूर्वजांची नोंद या ‘इतर’ मध्ये झाली. १८३५ साली राज्याची घटना बदलली आणि गोरे नसलेल्या स्वतंत्र लोकांचा मताधिकार गेला. १८८५ साली राज्याने त्यांना ‘क्रोएटन इंडियन’ म्हणून मान्यता देऊन स्वतंत्र शाळा दिल्या. हॅमिल्टन मॅकमिलन या आमदाराचे असे मत होते की रोअनोक बेटावरून नाहीशी झालेली १५८७ ची इंग्रज वसाहत या लोकांत मिसळून गेली असावी. पण ‘क्रो’ हा उच्चार लोकांना टोचण्यासाठी वापरला जाऊ लागला, कारण वर्णभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. म्हणून १९११ साली नाव झाले ‘रोबसन काउंटीचे इंडियन’, १९१३ साली ‘रोबसन काउंटीचे चेरोकी इंडियन’, आणि १९५३ साली लोकांनीच मागून घेतलेले ‘लम्बी’. १९५६ साली संघराज्याच्या संसदेने कायदा करून लम्बी हे नाव स्वीकारले आणि त्याच कायद्यात असेही लिहिले की इंडियन म्हणून मिळणाऱ्या सेवा यांना मिळणार नाहीत.

“एका हाताने दिले आणि त्याच वाक्यात काढून घेतले,” तो म्हणाला.

हा कायदा झाल्यापासून पुढील जवळजवळ सत्तर वर्षे पूर्ण मान्यतेची मागणी चालू होती. डोंगराळ पश्चिम भागातील चेरोकी जमातीचा तिला कडवा विरोध राहिला आणि रोबसनमधीलच काही कुटुंबे आपण लम्बी नसून टस्करोरा या वेगळ्या जमातीचे आहोत असे ठामपणे सांगतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. आमच्या या प्रवासानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, संरक्षण खर्चाच्या विधेयकातून लम्बींना अखेर ती पूर्ण मान्यता मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला प्रथम तो मुलगाच आठवला.

पण ज्या एका गोष्टीने माझी झोप उडवली ती १९३६ सालची आहे. इंडियन जमातींविषयीच्या १९३४ च्या कायद्याचा लाभ ‘निम्मे किंवा अधिक इंडियन रक्त’ असलेल्यांना मिळू शकत होता. रोबसनमधील २०९ जणांनी अर्ज केले. रक्ताचे प्रमाण ठरवण्यासाठी सरकारने कार्ल सेल्टझर या शरीर-मानवशास्त्रज्ञाला पाठवले. त्याने माणसांची डोकी मोजली, नाके मोजली, त्वचेचा रंग आणि केसांचा पोत तपासला आणि निकाल दिला की २०९ पैकी २२ जण निम्मे किंवा अधिक इंडियन आहेत. सख्ख्या भावंडांपैकी एक निकालाच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे पडले. एकाच आईबापांची लेकरे कवटीच्या मापाने वेगवेगळ्या वंशांची ठरली. १९०१ च्या हिंदुस्थानच्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिसली यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड मांडू पाहिली होती, हे मी वर्गात सांगत असे. मोजमापातली चूक म्हणून मी ते शिकवत होते. आज त्या बावीस जणांविषयी ऐकताना जाणवले की, मोजल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने मी हा प्रसंग कधी पाहिलाच नव्हता. खुर्चीवर बसवलेल्या बाईच्या केसांत हात घालून कोणी परका माणूस ती कोण आहे हे तिलाच सांगतो, आणि बाहेरच्या बाकावर तिची बहीण आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली असते.

संध्याकाळी मोटेलवर परतलो. कोजागिरी होती. लेकीने दुकानातून दूध आणले आणि घरून पुडीत बांधून आणलेले केशर आणि वेलदोड्याची पूड त्यात घातली. गाड्या उभ्या करण्याच्या फरसबंद जागेपलीकडे कापसाचे शेत सुरू होत होते आणि चंद्र वर आल्यावर ते सगळे शेत उजळले. फारसे न बोलता आम्ही दूध प्यायलो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

राज्यात आजपासून मुदतपूर्व मतदान सुरू झाले. मतदान केंद्राबाहेरच्या रांगेत तिन्ही-चारही समाजांची माणसे एकापाठोपाठ एक उभी होती आणि बहुतेक जण एकमेकांना नावाने ओळखत होते. या रांगेला येथे मोठा अर्थ आहे. पेम्ब्रोकमध्ये इंडियन लोकांची बहुसंख्या असूनही १९४७ पूर्वी गावाचा मेयर राज्यपाल नेमत असे. त्यानंतरही काउंटीत ‘दुहेरी मत’ चालत होते. लम्बरटनसारख्या गावांना स्वतःची शाळा मंडळे होती, तरीही तेथील गोरे बहुसंख्य मतदार ग्रामीण भागाच्या शाळा मंडळासाठीही मत देत. ग्रामीण शाळांत मुले मुख्यतः इंडियन आणि कृष्णवर्णीय, आणि मंडळावर बहुमत गोऱ्यांचे, असा त्याचा परिणाम होई. लम्बी स्त्री-पुरुषांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९७५ साली न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. सर्व शाळा एका व्यवस्थेखाली यायला १९८९ उजाडले. लोकसंख्येत ३८ टक्के असणे आणि निर्णयात ३८ टक्के असणे यांत किती वर्षांचे अंतर पडू शकते, हे या दोन सनांवरून दिसते.

दुपारी जेवायला रस्त्याकडेच्या एका टपरीवजा दुकानात थांबलो. येथला खास पदार्थ म्हणजे कॉलर्डचे सँडविच. त्याला पाव नसतो. मक्याच्या पिठाच्या दोन लहान चकत्या तेलात खरपूस तळतात. दिसायला त्या आपल्या धिरड्यासारख्या, पण जाड आणि कडेला कुरकुरीत. त्यांच्यामध्ये नवलकोलाच्या पानांसारखी रुंद पाने बारीक चिरून, शिजवून भरतात आणि वर डुकराच्या चरबीचा तळलेला तुकडा ठेवतात. मी मांस खात नाही म्हटल्यावर दुकान चालवणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी तो तुकडा वगळला आणि त्याऐवजी चमचाभर तिखटगोड लोणचे घातले. भाजी जरा कडवट होती आणि मक्याच्या गरम चकतीबरोबर फार चवदार लागली.

बाई माझ्या लेकीकडे निरखून पाहत होत्या. मग त्यांनी विचारले, “कोणाची गं तू?”

त्यांचे इंग्रजी शब्द वेगळे होते, पण त्यांचा अर्थ मराठीत नेमका हाच होतो. रोबसनमधील लम्बी माणूस नव्या माणसाला नाव किंवा धंदा विचारण्याआधी हे विचारतो: तुझी माणसे कोण? लेकीचा सावळा रंग आणि काळेभोर केस पाहून ती प्रॉस्पेक्टची की सॅडलट्रीची, की युनियन चॅपलकडची, हे बाईंना जाणून घ्यायचे होते. या लम्बी वस्त्यांची गणना सरकारी गावांत होत नाही, पण माणसाच्या ओळखीत त्यांचे वजन मोठे असते.

लेक म्हणाली, “आम्ही भारतातून आलो. मी इंडियन आहे, म्हणजे त्या दुसऱ्या अर्थाने.”

“देश नाही विचारला मी, बाळ. माणसं विचारली.”

तेव्हा लेकीने सांगितले की तिचे आजोबा साताऱ्याकडचे, वाईजवळच्या खेड्यातले. नदीकाठी त्यांचे घर होते, चुलत घराणी अजून तेथेच आहेत आणि आता शेत दोन काका करतात. बाईंचे समाधान झालेले चेहऱ्यावर दिसले. “नदी कोणती?” एवढेच त्यांनी पुढे विचारले. कृष्णा हे नाव त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले.

मला माझ्या सासूबाईंच्या गावचा पार आठवला. लग्न होऊन प्रथम गेले तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला हेच विचारले होते, आणि ‘अमक्यांच्या वाड्यातली धाकटी सून’ हे उत्तर मिळाल्यावर माझी जागा ठरून गेली होती. या विचारण्यात आपल्याकडे जात हुडकण्याचा भागही असतो, हे मला ठाऊक आहे आणि ते मी झाकणार नाही. येथेही तो प्रश्न नेहमी निरागस नव्हता. वेगळ्या इंडियन शाळा मिळाल्यावर राज्याने त्या शाळांतून कृष्णवर्णीय रक्ताच्या मुलांना चौथ्या पिढीपर्यंत वगळण्याचा नियम केला आणि वंशावळी तपासण्याचे काम समाजाकडेच आले. स्वतः मोजले जाऊन अपमानित झालेल्या लोकांना दुसऱ्यांना मोजायला लावले गेले. त्या बाईंच्या तोंडी मात्र तो प्रश्न आपल्याला कोठेतरी बसवून घेण्यासाठीच आला होता, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी मॅक्सटन. या गावाच्या नावातच त्याची वस्ती आहे: ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांची माणसे जिकडेतिकडे, म्हणून मॅकचे गाव. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेली ही कुटुंबे गेलिक बोलत. येथील गोरा समाज म्हणजे मुख्यतः त्यांचे वंशज. जवळच्या रेड स्प्रिंग्ज गावात फ्लोरा मॅक्डॉनल्ड या स्कॉटिश वीरांगनेच्या नावाचे मुलींचे महाविद्यालय होते, तेही आम्ही ओझरते पाहिले.

मॅक्सटनजवळच्या हेज पाँड या तळ्यापाशी १८ जानेवारी १९५८ च्या रात्री जे घडले ते येथल्या प्रत्येक लम्बी मुलाला पाठ आहे. त्या आठवड्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेने इंडियन लोकांना धाक दाखवण्यासाठी काउंटीत क्रूस जाळले होते आणि जेम्स ‘कॅटफिश’ कोल या पुढाऱ्याने तळ्याकाठच्या शेतात सभा जाहीर केली. क्लॅनची माणसे शंभराच्या आतच जमली. अंधारातून काही शे लम्बी पुरुष बंदुका घेऊन आले, बरोबर काही स्त्रियाही होत्या. कोणीतरी सभेचा एकुलता एक दिवा गोळी घालून फोडला आणि क्लॅनची माणसे दलदलीत पळाली. कोणी मेले नाही. क्लॅनचे निशाण अंगाभोवती लपेटून हसणाऱ्या सिमियन ऑक्सेंडाइन आणि चार्ली वॉरियाक्स यांचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आले. कोलवर दंगलीस चिथावणी दिल्याचा खटला होऊन त्याला शिक्षा झाली.

त्याआधीची एक हकिकतही येथे जिवंत आहे. यादवी युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, होम गार्ड या स्थानिक सशस्त्र दलाने ॲलन लाउरी आणि त्याचा मुलगा विल्यम यांना गोळ्या घातल्या. दुसरा मुलगा हेन्री बेरी लाउरी दलदलीत शिरला आणि पुढील सात वर्षे त्याने सत्तेला जेरीस आणले. १८७२ साली तो नाहीसा झाला तो कायमचाच. मला या हकिकतीतील एक तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्या टोळीत लाउरी भाऊबंदांबरोबर कृष्णवर्णीय माणसे होती आणि एक गोराही होता. सरकार रकाने आखत होते त्याच वर्षांत रानात ही माणसे एका चुलीवर जेवत होती.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सकाळी काउंटीच्या उत्तरेला सेंट पॉल्सला गेलो. येथील नवी वस्ती स्पॅनिश बोलणाऱ्यांची आहे. शेजारच्या ब्लेडन काउंटीत टार हील येथे १९९२ साली जगातील सर्वांत मोठा डुकराच्या मांसाचा कारखाना सुरू झाला आणि रोजगारासाठी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून माणसे येऊ लागली. रोबसनमधील कापड आणि बुटांचे कारखाने मात्र त्याच सुमारास बंद होऊ लागले. लम्बरटनचा कॉन्व्हर्सचा कारखाना २००१ साली थांबला. टार हीलच्या कारखान्यात कामगार संघटना उभी राहायला डिसेंबर २००८ पर्यंत वेळ लागला, आणि कृष्णवर्णीय, लम्बी, लॅटिनो अशा सगळ्यांनी मिळून मते दिली तेव्हाच ती उभी राहिली.

एका बेकरीत गोड पाव घेताना तिथल्या तरुण मालकिणीशी बोलणे झाले. ती ग्वाटेमालाच्या माया कुटुंबातली. तिची आजी स्पॅनिशही बोलत नाही. २०२० च्या जनगणनेचा फॉर्म भरताना वंशाच्या प्रश्नावर ती अडली होती. गोरी नव्हे, काळी नव्हे. शेवटी तिने ‘अमेरिकन इंडियन’ या चौकोनात खूण केली, कारण त्या चौकोनाखालच्या उदाहरणांत ‘माया’ हा शब्द छापलेला होता. म्हणजे तीनशे वर्षे येथे राहिलेली लम्बी बाई आणि पंधरा वर्षांपूर्वी ग्वाटेमालाहून आलेली ही मुलगी तक्त्यात एकाच संख्येत बेरजेला आल्या. आकडा चुकलेला नाही. दोघीही या खंडाच्या मूळ रहिवाशांच्या लेकी आहेत. पण ती संख्या पाहून कोणी रोबसनविषयी निष्कर्ष काढू लागला तर त्याने या बेकरीत एकदा यावे, असे मला वाटले.

दुपारी दक्षिण लम्बरटन. ऑक्टोबर २०१६ च्या मॅथ्यू वादळात आणि सप्टेंबर २०१८ च्या फ्लोरेन्स वादळात नदी या बाजूला शिरली. महामार्गाच्या भरावाखालून रेल्वेचा मार्ग जिथे जातो तिथे बांधात खिंडार आहे आणि पाणी त्यातून आत आले. या सखल भागात कृष्णवर्णीय आणि लम्बी कुटुंबे राहत होती. आता मधलेमधले भूखंड मोकळे आहेत. पायऱ्या आहेत, घर नाही. अंगणातले पेकानचे झाड आहे, अंगण नाही. एका चर्चच्या दारात भेटलेल्या वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थांनी बोट दाखवून एकेक घर कोणाचे होते ते सांगितले. त्यांचे आजोबा पाइनच्या रानात टर्पेंटाइन काढत. पुढची पिढी तंबाखूच्या शेतात वाट्याने राबली आणि नंतरची कारखान्यात गेली. “आमच्याबद्दल कोणी विचारायला येत नाही,” ते म्हणाले. “लोक इथे इंडियन बघायला येतात.” हे ऐकून मला वाईट वाटले, कारण मीही त्याच ओढीने आले होते. पाऊण तास ते बोलले आणि मी वही मिटवून ऐकत राहिले. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १,१६,५३० भरली, दहा वर्षांत साडेसतरा हजारांहून अधिक घट. त्या घटीचा काही भाग मी आज पायऱ्यांच्या रूपाने मोजला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

परतण्यापूर्वी सकाळचे दोन तास ग्रंथालयात काढले. जुन्या जनगणनांची पाने आता पडद्यावर पाहता येतात. मी १८८० चे एक पान उघडले. रंगाच्या रकान्यात प्रगणकाने एकेक अक्षर लिहिलेले असते: गोरा, काळा, मिश्र, चिनी, इंडियन. तेव्हा माणसाला विचारत नसत. प्रगणक दारात उभा राहून पाही आणि लिही. स्वतःचा वंश स्वतः सांगण्याची पद्धत तर १९६० च्या जनगणनेपासून सुरू झाली. लॉकलियर आडनावाची कुटुंबे सलग होती आणि त्यांच्यापुढे अक्षर होते मिश्र वंशाचे. १८९० ची पाने आगीत नष्ट झाली आहेत, म्हणून त्यानंतरचे १९०० चे पान काढले. तेच आडनाव, त्याच वस्त्या, आणि आता अक्षर इंडियनचे. मधल्या काळात १८८५ चा कायदा झालेला होता. माणसे तीच होती, शेत तेच होते.

लेकीने विचारले, “आई, मग आपण कुठे होतो यात?” तिला मी सांगितले की १९३० आणि १९४० च्या जनगणनेत आपल्यासाठी ‘हिंदू’ हा वंश होता, मग माणूस शीख असो वा मुसलमान, १९७० साली भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली, आणि ‘एशियन इंडियन’ हा चौकोन आला तो १९८० साली. एवढ्यात २०३० साठी नवे नियम झाले आहेत आणि वंश व हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एक होणार आहेत. म्हणजे रोबसनचा तक्ता पुन्हा बदललेला दिसेल, कोणीही जागचे न हलता.

ग्रंथालयातून निघालो तेव्हा बारा वाजले होते. महामार्गाला लागायचे होते, पण लेकीने न विचारताच गाडी पेम्ब्रोककडे वळवली. टपरीपुढे शनिवारची गर्दी होती. कढईपाशी आज बाईंची नात उभी होती आणि बाई खुर्चीवर बसून कॉलर्डची पाने निवडत होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी हात पुसले, नातीला जवळ बोलावले आणि आमची ओळख करून दिली, “ही कृष्णाकाठची माणसं.” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हिच्या सँडविचात मांस घालू नकोस.”